रंग बदलणारे काचमणी: आठ महिने वापरल्यानंतर

गणपतीच्या आधी भुलेश्वरहून निओडिमियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेचे ८ मिलिमीटरचे मणी आणले, त्याला आता आठ महिने झाले. बाजारात यांना ‘अलेक्झांड्राइट’ म्हणतात, पण ते रत्न वेगळं, ही काचच. उन्हात आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली फिकट जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर. ही काही नवी फॅशन नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही वारीच्या मोझर काच कारखान्यात १९२० च्या दशकातच अशी काच होत होती. अंगाच्या उबेने रंग बदलणाऱ्या अंगठ्यांशी मात्र हिचा संबंध नाही, गिऱ्हाइकं हमखास तेच विचारतात.

खरा त्रास सुरू झाला सोबतीच्या मण्यांपासून. गिरगावातल्या आमच्या गॅलरीत सकाळच्या उन्हात बसून अॅमेथिस्टच्या जांभळ्या खड्यांबरोबर एक आड एक ओवून सर केला. इतका जुळला होता की काच कुठली नि खडा कुठला, पटकन कळू नये. संध्याकाळी ट्यूब लावली आणि बघते तर एक मणी जांभळा, एक निळा, पुन्हा जांभळा, पुन्हा निळा. दोन वेगळ्या माळा एकात मिसळल्यासारखं. सगळा सर उसवला. डोळ्यांत पाणी आलं, कारण गाठी मारायलाच तीन तास गेले होते.

असं का होतं, ते समजल्यावर काम सोपं झालं. निओडिमियम उजेडातला पिवळ्या रंगाचा एक अरुंद पट्टा, साधारण ५८० ते ५९० नॅनोमीटरचा, शोषून घेतं. उन्हात सगळे रंग सलग असतात. ट्यूबच्या उजेडात मोजक्याच रंगांचा जोर. म्हणून काचेतून पार होऊन येणारा उजेड दोन्हीकडे वेगळा. काच वितळवून मणी करणारे कारागीर डोळ्यांना जो डिडिमियमचा चष्मा लावतात, त्यातही हेच निओडिमियम असतं. ज्योतीतला सोडियमचा झगझगीत पिवळा उजेड तो अडवतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आता मी सोबतीला पांढरे मोती, काळे मणी किंवा चांदीच घेते. सोनेरी पॉलिश उन्हात छान दिसतं, ट्यूबखाली निळ्याशेजारी मला खटकतं. ४ मिलिमीटरचे मणी घेऊ नका, एवढ्याशा काचेत रंग जेमतेम दिसतो. कुड्यांची जोडी एकाच लॉटमधली हवी. मी दोन लॉट एकत्र केले आणि एक कान फिका पडला. एलईडीचा भरवसा धरू नका, दिवा बदलला की रंग बदलतो.

मुलुंडच्या एका ताईंचा फोन आला होता, “मी जांभळा मागवला, तुम्ही निळा पाठवलात.” चूक माझीच, मी फक्त उन्हातला फोटो टाकला होता. हार परत घेतला, पैसेही दिले. तेव्हापासून प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो टाकते, एक खिडकीपाशी, एक ट्यूबखाली.

मणी मजबूत आहेत. ओरखडे नाहीत, रंग जसाच्या तसा. मात्र काचेवर काच घासून भोकाच्या कडा झिजतात, म्हणून दोन मण्यांमध्ये गाठ हवीच. तिसरा लॉट परवाच आणला. निवडताना दुकानाच्या दिव्यावर विसंबले नाही, सर हातात घेऊन आधी गल्लीत उन्हात गेले, मग पुन्हा आत आले.