अप्पा बळवंत चौकातले मराठी अक्षरसंच: तयार घ्यावेत की कागद आणून करावेत?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारे मराठीचे तयार अक्षरसंच दिसायला देखणे आहेत, कामाला मात्र निम्मेच. अ पासून ज्ञ पर्यंत एकेक कार्ड, मागे रंगीत चित्र, वर प्लास्टिकची डबी. भिंतीवर लावायला आणि अक्षरओळखीचा पहिला आठवडा काढायला तेवढं पुरतं. त्यातून शब्द बनवायला गेलं की गाडी अडते. पहिलीतलं मूल सुरुवातीला जुळवतं ते शब्द म्हणजे मामा, काका, दादा, बाबा, आणि संचात म एक, क एक, द एक, ब एक! दोन संच घेऊन भागवावं तर ङ, ञ, ऋ यांचेही पैसे दुसऱ्यांदा मोजायचे.

तरीही तयारच घ्यायचा असेल, तर डबी काउंटरवर उघडून घ्या. पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ॲ आणि ऑ आहेत का? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने हे दोन्ही स्वर वर्णमालेत आले. बॅट, बॉल, डॉक्टर, बँक हे शब्द मुलांच्या तोंडी दिवसभर असतात, तरी आजही जुन्या साच्यातले संच विकायला असतात. ल आणि श कोणत्या वळणाचे आहेत? त्याच निर्णयात मराठी वळणाचे ल, श प्रमाण धरले आहेत. हिंदी वळणाचा दंडाचा ल कार्डावर आणि मराठी वळणाचा पाठ्यपुस्तकात, असं असेल तर मूल दोन वेगळी अक्षरं समजून चालतं. मग चित्रं पाहा. मूळ संच हिंदीसाठी केलेला आणि मराठीच्या नावाने खपवलेला असेल तर ते इथे लगेच उघडं पडतं. ख च्या कार्डावर ससा बसलेला दिसला की डबी सरळ परत द्यावी. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, तेव्हा तिथे बाण, बाळ, कमळ अशी चित्रं असणं बरोबरच आहे; त्यात चूक काढू नका.

खरी अडचण मात्रांची आहे आणि ती तयार संचात कुठेच सुटलेली दिसत नाही. बहुतेक संचांत काना, वेलांटी, उकार यांची वेगळी कार्डं असतात आणि ती अक्षराशेजारी ठेवायची असतात. कान्याला हे चालतं, बाकी कुठे नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. कार्डं ओळीत मांडली की ‘कुठे’ हा शब्द क, उकार, ठ, मात्रा असा चार डब्यांच्या मालगाडीसारखा दिसतो आणि मूल तो तसाच वाचतं.

यावर उपाय पारदर्शक मात्रांचा. त्यांचं सामान याच चौकात मिळतं. अक्षरांसाठी ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) आयव्हरी कार्ड आणि मात्रांसाठी ओएचपी शीट, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट, घ्यायची. अक्षराची पाटी ५ बाय ५ सेंमी. वरून १.७ सेंमी जागा सोडून शिरोरेषा, तिच्याखाली १.७ सेंमी उंचीत अक्षर, उरलेली १.६ सेंमी उकारासाठी मोकळी. अक्षर पाटीच्या मध्यभागी छापायचं नाही, उजव्या कडेला टेकवायचं, आणि शिरोरेषा डाव्या कडेपर्यंत ओढायची. मध्यभागी छापलं की काना अक्षरापासून दूर पडतो; घरी केलेल्या बहुतेक संचांची फसगत इथेच होते. मात्रेची पारदर्शक पट्टी ७.५ बाय ५ सेंमी. काना, दुसरी वेलांटी, ओकार, औकार यांत जादा अडीच सेंमी उजवीकडे, पहिल्या वेलांटीत डावीकडे. पट्टी अक्षरावर ठेवली की शिरोरेषा जुळते आणि ‘कि’ हे ‘कि’सारखंच दिसतं. र अरुंद असल्यामुळे ‘रि’त थोडी फट राहते, तेवढी चालवून घ्यावी. रु, रू, हृ, शृ मात्र पट्टीने होत नाहीत, कारण तिथे खुणेची जागा किंवा अक्षराचा आकारच बदलतो. त्यांच्या वेगळ्या पाट्या करायच्या.

चार-पाच मुलांच्या एका गटाला लागणारा हिशेब असा. क, ग, च, त, द, न, प, ब, म, र, ल, स, ह या तेरा अक्षरांच्या तीन-तीन पाट्या म्हणजे ३९, उरलेली २१ व्यंजनं एकेक, १४ स्वर, क्ष आणि ज्ञ, वर सांगितलेल्या चार खास पाट्या. एकूण ८०. ए-फोर कार्डावर २० पाट्या बसतात, म्हणजे बरोबर चार कार्डं. पट्ट्यांमध्ये काना ६, दुसरी वेलांटी ४, एक मात्रा ४, पहिली वेलांटी, पहिला उकार, ओकार आणि अनुस्वार प्रत्येकी ३, दुसरा उकार २, बाकीच्या सहा खुणा एकेक. झाल्या ३४. आडव्या ए-फोर शीटवर १२ पट्ट्या बसतात, तेव्हा तीन शीट. दोन जागा उरतात त्यांत रफार आणि ‘क्र’मधली तिरकी रेघ टाकावी. टंक (फाँट) निवडताना मजकुराची भाषा मराठी करून पाहा. काही टंकांत तेवढ्याने ल आणि श मराठी वळणाचे होतात.

शीट घेताना ‘लेझर प्रिंटला चालणारी ओएचपी’ असं स्पष्ट सांगून मागा. नुसतं ‘ट्रान्स्परंट शीट’ म्हटलं की स्पायरल बाइंडिंगचं प्लास्टिक हातात पडतं. ते लेझर प्रिंटरच्या उष्णतेने आकसतं, कधी रोलरलाच चिकटतं आणि झेरॉक्सवाला रास्त कारणाने भडकतो. साध्या ओएचपी शीटवर इंकजेटची शाई बसत नाही, बोटाने पुसली जाते. छपाईची भानगड नको असेल तर तेच बाइंडिंगचं प्लास्टिक घ्या आणि पर्मनंट मार्करने हाताने मात्रा काढा. स्वस्त पडतं आणि तुटेपर्यंत टिकतं.

जोडाक्षरांसाठी दंड असलेल्या अक्षरांच्या ३ सेंमी रुंद अर्ध्या पाट्या करायच्या आणि त्या पुढच्या पाटीला भिडवायच्या. पुढच्या अक्षराच्या डावीकडची मोकळी जागा इथे आड येते, म्हणून ती पाटी अर्ध्या पाटीखाली सरकवायला मुलांना शिकवावं लागतं. ट, ठ, ड, ढ यांना पाय मोडायची खूण पट्टीवरच द्यावी. र चं प्रकरण वेगळं: अर्क, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या चार शब्दांत र चार रूपांत येतो. तयार संचात फार तर पहिली दोन असतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी मांडून दाखवायची सोय नसेल, तर मराठीसाठी केलेला संच कसला?

अक्षरपाट्यांना लॅमिनेशन करू नका. कडेला प्लास्टिकची किनार राहते, शिरोरेषा तुटते आणि ट्यूबलाइट चमकून पट्टीखालचं अक्षर दिसेनासं होतं. मळल्या की चार कार्डं पुन्हा छापायची. लॅमिनेशन वाक्यपट्ट्यांना हवं, आणि तिथे क्रम महत्त्वाचा: आधी कापायचं, मग १२५ मायक्रॉनच्या पाउचमध्ये अंतर ठेवून मांडायचं, आणि चारी बाजूंनी ३-४ मिमी किनार सोडून पुन्हा कापायचं. घाईच्या दिवसांत दुकानदार अख्खं पान लॅमिनेट करून मग कापून देतात. कागदाची कड उघडी राहते आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पदर सुटतात.

वाक्यपट्ट्यांसाठी कापडी खिशांचा तक्ता तयारच घ्यावा. घरी शिवण्यात अर्थ नाही. घेताना खिशाची खोली मोजा. बरेच तक्ते इंग्रजी कार्डांच्या मापाने बनतात आणि खिसा शब्दाचा खालचा तिसरा भाग झाकतो. प्लास्टिक पारदर्शक असलं तरी मागच्या बाकावरून ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक दिसत नाही. तीन-साडेतीन सेंमी खोल खिसा आणि ९ सेंमी उंच पट्टी, अक्षरं पट्टीच्या वरच्या भागात: हे माप जमतं.

चौकात मिळणाऱ्या वस्तूंत सगळ्यात उपयोगी कोणती, तर कोरे फोमचे फासे, ५ सेंमीचे. लाकडी फासे दिसायला छान, पण चाळीस मुलांच्या वर्गात आठ गट ते एकदम टाकू लागले की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. एका फाशावर विभक्तीचे प्रत्यय लिहा: ने, ला, त, हून, ‘चा-ची-चे’ आणि सहाव्या बाजूला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय. तिथे ‘शी’ लिहिलं तर ‘रस्त्याशी’, ‘पाण्याशी’ अशी वाक्यं जुळवताना मुलं अडून बसतात. दुसऱ्या फाशावर नामं: रस्ता, पाणी, शाळा, फूल, ऊन, घोडा. दोन्ही टाकायचे आणि वाक्य करायचं. रस्ता आणि ला आले तर ‘रस्त्याला’, ऊन आणि त आले तर ‘उन्हात’, फूल आणि चा आले तर ‘फुलाचा’, आणि पुढचं नाम पुल्लिंगीच हवं.

सामान्यरूपाचा सराव इतका बिनबोभाट दुसऱ्या कशाने होत नाही. ‘पाणीत’, ‘रस्तावर’ असं ऐकू आलं की लगेच सुधारू नका. दुसऱ्या गटाला विचारा, तुम्ही काय म्हणाल? २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाल्यापासून खराडी, हिंजवडीकडच्या इंग्रजी शाळांत घरी मराठी न बोलणारी मुलं मोठ्या संख्येने या वर्गात आहेत. त्यांच्यासाठी हा फासा सोन्याचा आहे. याच मुलांसाठी च, ज, झ च्या जादा पाट्या करून कोपऱ्यात उच्चारानुसार रंगाचा ठिपका द्यावा: चमचा, जत्रा, झाड यांना निळा, चहा, जीभ, झेंडा यांना लाल. हिंदी येणारं मूल सगळेच लाल वाचतं. ठिपके चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर काढून टाका, नाहीतर मूल अक्षर सोडून रंगच वाचत बसतं.

बाकीचं थोडं सामान आसपास. वेल्क्रो, चुंबकपट्टी, झिपच्या पिशव्या बोहरी आळीत. शब्दपेटीसाठी, म्हणजे वस्तू काढून तिचा शब्द सांगायच्या पेटीसाठी, भातुकली, प्लास्टिकची फळं, प्राणी तुळशीबागेत. भातुकलीत पोळपाट-लाटणं, जातं, पाटा-वरवंटा असलेला संच निवडा. जातं आता घरात नाही, पण ओव्यांत आहे. पहिली-दुसरीसाठी घेताना तोंडात जाईल असा तुकडा नको.

गाडी नेऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या मार्गावर कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कसब्याला उतरून चौक, तिथून तुळशीबाग, बोहरी आळी करत मंडईला परत चढणं सोयीचं. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे टाळा. पालकांच्या याद्यांपुढे तेव्हा कोणी कार्डाची जाडी दाखवत बसत नाही. मे महिन्यात गेलात तर दुकानदार गठ्ठा सोडून चार प्रकारचं आयव्हरी हातात देतो. कार्ड वाकवून पाहा: ३०० जीएसएमचं कार्ड सोडल्यावर सरळ होतं, हलकं असेल तर बाक राहतो. शाळेच्या खर्चात घालायचं असेल तर पक्कं बिल आधीच मागा आणि त्यावर शाळेचं नाव लिहून घ्या, कारण ‘स्टेशनरी’ एवढंच लिहिलेलं बिल शाळेच्या कार्यालयातून बहुधा परत येतं.