मिलिग्राम नको, ॲम्प्युल सांगा : रिसर्चची व्हॉट्सॲप कार्डं आठ महिने वापरून

जूनमध्ये पेरण्या चालू असताना एका बॅचमेटने मला डॉक्टरांच्या या व्हॉट्सॲप ग्रुपात टाकलं. तीनचार सीनियर मिळून आठवड्याला दोन कार्डं टाकतात, एखाद्या विषयावर रिसर्च काय म्हणतो ते एका पानात, आणि सोबत मराठीत चार मिनिटांची व्हॉइस नोट. फी वगैरे काही नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे, आता फेब्रुवारी संपत आला म्हणून लिहायला बसलो.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने एकही कार्ड धड वाचलं नाही. कार्ड पडायचं सकाळी अकराला, ऐन ओपीडीत, आणि त्यात ते फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे अनेक ट्रायल्सचे निकाल रेघांनी दाखवणारे आलेख, मोबाईलवर पाहिलं तर नुसती मुंग्यांची रांग. व्हॉइस नोट मात्र सबसेंटरच्या व्हिजिटला जाताना गाडीत ऐकायचो, तेवढंच काय ते डोक्यात राहिलं.

आणि तेच सप्टेंबरात कामी आलं. कपाशीवर फवारणीचे दिवस, २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर लोक गेले तेव्हापासून इथं हा महिना आला की पोटात गोळाच येतो. रात्री नऊला एका मजुराला ऑटोत घालून आणलं, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत नुसती घरघर. मला नोट आठवली : बांगलादेशातली २०१२ ची ट्रायल, १५६ पेशंट, या विषावरचं औषध ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेलं आणि मग ड्रिपवर ठेवलं त्या गटात मृत्यू ८ टक्के, जुन्या पद्धतीने ठराविक डोस देत बसले तिथं २२.५. मी म्हटलं, १.८ मिलिग्राम द्या. सिस्टर म्हणाल्या, "सर, मिलिग्राम कायले सांगता जी, किती फोडू ते सांगा ना."

आमच्याकडची ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, ०.६ मिलिग्रामची. म्हणजे तीन, मग सहा, मग बारा. तिसऱ्या डोसपर्यंत एकवीस फुटल्या होत्या, किडनी ट्रेमध्ये काचेचा ढीग, सिस्टरच्या अंगठ्याला चीर, त्यावर तसाच कापूस दाबून त्या पुढची भरत होत्या. बाराच्या डोसनंतर छाती मोकळी वाटली, नाडी ८० च्या वर गेली आणि तेवढ्यात १०८ आली. आठदहा दिवसांनी तो माणूस सुट्टी होऊन सही घ्यायला आला होता.

दुसऱ्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, डोस ॲम्प्युलमध्ये द्या. त्यांनी कार्ड बदलून दिलं बरं का, तीन-सहा-बारा-चोवीस असं मोठ्या अक्षरात, आता ते लॅमिनेट करून इमर्जन्सी ट्रेच्या वर लावलंय.

सापाचं कार्डही असंच. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या) आधी, त्याची रिॲक्शन येऊ नये म्हणून, एविल आणि हायड्रोकॉर्ट ठोकायची आपली सगळ्यांची सवय, पण श्रीलंकेच्या २०११ च्या ट्रायलमध्ये, हजारावर पेशंट होते, हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन (एविलच्याच जातीचं औषध) यांचा उपयोग दिसला नाही, रिॲक्शन कमी झाली ती कातडीखाली दिलेल्या ०.२५ मिलिग्राम ॲड्रेनॅलिनने. आता ते, म्हणजे पाव एमएल, रात्री दोन वाजता मोजायचं कसं? तर आमच्या ४० युनिटवाल्या (एक एमएलचे ४० भाग) इन्सुलिन सिरिंजवर दहाची रेघ. हे कार्डात नव्हतं, आमच्या सिस्टरांनीच काढलं.

आता तक्रार. पॅम, म्हणजे प्रालिडॉक्सिम, फवारणीच्या विषावर ॲट्रोपिनसोबत देतात ते दुसरं इंजेक्शन, त्याच्या कार्डावर एकच ओळ होती, "प्रालिडॉक्सिमचा फायदा नाही." ही श्रीलंकेची २००९ ची ट्रायल, पॅमच्या गटात उलट जास्त मृत्यू, मान्य. पण आपल्याच बारामतीची २००६ ची ट्रायल, २०० पेशंट, तासाला एक ग्रॅम सतत ४८ तास दिलं तर एक मृत्यू आणि चार तासांनी एकेक ग्रॅम दिलं तिथं आठ, ती कुठं गेली? तिथले पेशंट मध्यम गंभीर होते, सगळ्यांना आधी दोन ग्रॅम दिलेलं होतं, म्हणून निकाल वेगळा आला असेलही, पण मग तसं लिहा ना बाप्पा. पेशंटचा भाऊ समोर उभा राहून "ती पॅमची सुई काऊन नाही देली" विचारतो तेव्हा ती एक ओळ मला पुरत नाही. हे ग्रुपवर टाकलं तर नुसते अंगठे आले. नशीब हे दोन्ही श्रीलंकेचे पेपर प्लॉस मेडिसिन या जर्नलचे आहेत, फुकट उघडतात, मी टॉवरखाली जाऊन डाऊनलोड केले.

शिवाय निम्मी कार्डं आमच्या कामाची नाहीत. जे औषध आमच्या स्टोअरमध्ये जन्मात येणार नाही त्याच्यावर तीन तीन कार्डं. मी ती सरळ डिलीट करतो. अकराची वेळ मात्र बदलली, आता रात्री साडेआठला येतात, जेवताना ऐकून होतं.

पाचपैकी साडेतीन देईन. ग्रुप सोडणार नाही. एप्रिलच्या आधी ऊन लागलेल्यांचं कार्ड मागितलंय, आणि आधीच सांगून ठेवलंय की तापमान किती उतरवायचं ते नंतर लिहा, आधी बर्फ किती किलो लागेल ते लिहा, म्हणजे बसस्टँडच्या रसवंतीवाल्याला आत्ताच बोलून ठेवतो.