सात महिने निवडक सुरुवातींवर बुद्धिबळ इंजिन तपासल्यानंतर

गेल्या महिन्यात रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच संपलेली, त्यामुळे माझ्या बुद्धिबळ इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, दोन आवृत्त्यांमधला सामना २०० डावांवर तुटला. सकाळी तीच आज्ञा पुन्हा दिली. संध्याकाळी पीजीएन, म्हणजे डावांच्या नोंदीची फाईल, उघडून पाहिलं तर नवे २०० डाव आणि रात्रीचे २०० डाव खेळीन् खेळी सारखे होते! जिंकलेले, हरलेले, बरोबरीत सुटलेले, सगळं तेच.

कारण समजायला वेळ लागला नाही. लॅपटॉप तापला की त्याचा वेग पडतो, म्हणून मी घड्याळाऐवजी प्रत्येक खेळीला ठरावीक नोड देतो, म्हणजे इंजिनाने किती स्थिती तपासायच्या तो आकडा. प्रोसेसरचा एकच थ्रेड, एका वेळी एकच डाव. अशा वेळी त्याच स्थितीतून तोच डाव निघणार. आणि क्यूटचेस-सीएलआय या सामने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये ऑर्डर सांगितली नाही, तर सुरुवाती, म्हणजे डाव जिथून सुरू करायचे त्या तयार स्थिती, फाईलच्या पहिल्या ओळीपासून क्रमाने घेतल्या जातात. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. उन्हाळ्यात असे तुटलेले सामने मी बेरीज करून एकत्र मोजले होते. त्या बेरजांच्या भरवशावर माझ्या इंजिनात दोन बदल कायमचे ठेवले होते. दोन्ही काढून पुन्हा तपासावे लागले. तेवढी वीज फुकट गेली, आणि बिल मीच भरतो.

पहिले दोन महिने मी ब्रिटिश ग्रँडमास्टर जॉन नन यांच्या १० स्थिती वापरल्या. प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळायची, म्हणजे २० डाव. काम झटपट होतं. एकदा नवी आवृत्ती १२-८ जिंकली. ६० टक्के गुण म्हणजे ताकद मोजायच्या इलो गुणांकनात साधारण ७० इलोची आघाडी, मी खूश. पण बरोबऱ्या कमी असताना २० डावांत त्रुटीच दोन्ही बाजूंना शंभर इलोच्या वर जाते. म्हणजे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. तेच १० डोंगर पुन्हा पुन्हा चढलं तरी ठरावीक नोडवर नवी माहिती शून्य.

मग हजारो समतोल स्थितींची फाईल घेतली. इथे दुसरंच दुखणं. एकाच इंजिनाच्या दोन जवळजवळ सारख्या आवृत्त्या समोरासमोर आल्या की बरोबरीच बरोबरी. रात्रभर पंखा घरघरतो आणि सकाळी हाती काही लागत नाही.

यूएचओ, म्हणजे माणसांच्या डावांतून निवडलेल्या असमतोल सुरुवाती, प्रथम पाहिल्या तेव्हा मला त्या पटल्याच नाहीत. पांढऱ्याला आधीच वरचढ स्थिती द्यायची आणि मग कोण चांगलं ते ठरवायचं, ही कसली परीक्षा? शिवाय पहिल्या सामन्यात मी आज्ञेत रिपीट, म्हणजे तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा खेळवायचा पर्याय, लिहायला विसरलो. प्रत्येक सुरुवात एकदाच खेळली गेली आणि निकाल वेडावाकडा आला. तेव्हा मी ही फाईल काढूनच टाकली होती.

ते मत आता मागे घेतो. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाच्या १५.१ आवृत्तीपासून +१ मूल्यमापनाचा (इंजिन स्थितीला देतं त्या आघाडीच्या आकड्याचा) अर्थच असा ठरवला आहे की तोडीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. अशा काठावरच्या स्थितीत पांढऱ्याला विजय पुरा करावा लागतो, काळ्याला तग धरावा लागतो. दोन्ही रंगांनी खेळवलं की जोडीचा निकाल बोलतो: दोघांनीही पांढऱ्याने जिंकलं तर १-१, पण एकाने जिंकून दुसऱ्याला बरोबरीवर थांबावं लागलं तर फरक दिसला. स्टॉकफिशचे बदल तपासणाऱ्या फिशटेस्टवरही याच घराण्यातली फाईल चालते. माझ्या वापरात त्याच विजेत निर्णय कितीतरी लवकर लागतात. राजाच्या सुरक्षिततेचा एक बदल तर समतोल फाईलवर महिनाभर लटकला होता. इथे तीन रात्रींत तो वाईट आहे हे कळलं.

तरी पटावरच्या शांत स्थिती, प्यादी आणि डावाच्या अंतिम टप्प्याशी संबंधित बदल मी अजूनही एकदा समतोल फाईलवर फिरवून घेतो. तिथे घाई करावीशी वाटत नाही.

परवा पुन्हा लाइट गेली. पीजीएनमध्ये ३४६ पूर्ण डाव होते, म्हणजे १७३ सुरुवाती. अर्धवट राहिलेला डाव सोडून दिला, आज्ञेत स्टार्ट=१७४ लिहिलं आणि सामना तिथून पुढे लावला.