ईआरपीनेक्स्ट १५ मधलं कस्टमायझेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकतं, काय तुटतं

ईआरपीनेक्स्टमध्ये ब्राउझरमध्ये बसूनच नवं फील्ड जोडता येतं, स्क्रिप्ट लिहिता येते, प्रिंट फॉरमॅट बदलता येतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे हिशोब, साठा, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर लहान कारखान्यांत चटकन रुळतं ते त्यामुळेच. रोजच्या वापरात मात्र दुखणंही तिथूनच सुरू होतं. पाच मिनिटांत केलेला बदल गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) नसतो, फक्त त्या साइटच्या डेटाबेसमध्ये असतो. दुसरा सर्व्हर उभा करायची वेळ आली की कुणी काय बदललं याचा पत्ता लागत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी बेंच या फ्रापेच्या कमांड-लाइन साधनात 'बेंच न्यू-अ‍ॅप' चालवून स्वतःचं अ‍ॅप बनवा आणि सगळं त्यात ठेवा. ईआरपीनेक्स्टच्या मूळ फोल्डरमधल्या एकाही ओळीला हात लावू नका. तिथे बदल सापडले की 'बेंच अपडेट' अडतं, आणि घाईत रीसेटचा पर्याय लावला की ते बदल पुसले जातात.

कस्टम फील्ड गिटमध्ये आणायची वाट म्हणजे फिक्स्चर: साइटवरच्या नोंदी आपल्या अ‍ॅपच्या फोल्डरात फाइल म्हणून उतरवणं. इथे एक खोच आहे. फिल्टर न लावता कस्टम फील्ड एक्सपोर्ट केली तर साइटवरच्या सगळ्या अ‍ॅपची फील्ड त्यात येतात, भारतीय करनियमांसाठीच्या इंडिया कम्प्लायन्स या अ‍ॅपची जीएसटीवालीसुद्धा. पुढे त्या अ‍ॅपने आपलं फील्ड सुधारलं तरी तुमचं फिक्स्चर प्रत्येक मायग्रेटला (डेटाबेस नव्या कोडशी जुळवून घेताना) जुनंच रूप परत लिहितं. यावर उपाय सोपा: प्रत्येक कस्टम फील्डच्या नोंदीत 'मॉड्यूल' भरा आणि हूक्सच्या फाइलमध्ये (अ‍ॅप फ्रेमवर्कला कुठे जोडायचं ते इथे लिहितात) फक्त आपल्या मॉड्यूलचा फिल्टर द्या. प्रॉपर्टी सेटरलाही (मूळ फील्डच्या गुणधर्मांत केलेले बदल) तेच. फिक्स्चरमधून फील्ड काढलं म्हणून ते साइटवरून जात नाही. त्यासाठी वेगळा पॅच (मायग्रेटला एकदाच चालणारा कोड) लिहावा लागतो.

फील्ड वाढवण्याआधी ते खरंच लागतं का, हे पाहा. फाउंड्रीत हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) हवा असतो आणि बहुतेक जण त्यासाठी नवं फील्ड टाकतात. बॅच नंबर म्हणून तोच वापरला तर स्टॉक, विक्री आणि परतावा तिन्हीकडे त्याचा माग आपोआप राहतो. फक्त १५ व्या आवृत्तीत सीरियल अँड बॅच बंडल (बॅच नंबरांची वेगळी नोंद) आलं, त्यामुळे स्टॉक लेजर एंट्रीतून थेट बॅच नंबर वाचणारे जुने रिपोर्ट नव्या नोंदींसाठी रिकामे येतात. तिथे बंडलच्या आतल्या नोंदींशी जॉइन करावा लागतो.

फील्डच्या संख्येलाही मर्यादा आहे. डेटा, लिंक, सिलेक्ट ही फील्ड मारियाडीबी या डेटाबेसमध्ये १४० अक्षरांची व्हारकॅर (मजकुराचे कॉलम) होतात. यूटीएफ८एमबी४ या अक्षर-संकेतात एका अक्षराला ४ बाइट धरले जातात, म्हणजे एका फील्डला ५६० बाइट. ओळीची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट. हिशोब केला तर ११६ च्या आसपास अशी फील्ड झाली की टेबल भरलं, आणि सेल्स इनव्हॉइससारख्या डॉकटाइपमध्ये (दस्तऐवजाच्या प्रकारात) मुळातच बरीच फील्ड असतात. मग 'रो साइझ टू लार्ज' ही एरर येते. गाडी क्रमांकासारख्या फील्डला लांबी २० द्या. शेरा, पत्ता यांना स्मॉल टेक्स्ट वापरा. ते या मोजणीत नगण्य जागा घेतं.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या क्लायंट स्क्रिप्टबद्दल एवढंच: ती सोयीसाठी ठेवा, तपासणीसाठी नाही. डेटा इम्पोर्ट आणि एपीआय तिला विचारत नाहीत. तपासणीची जागा म्हणजे डॉक इव्हेंटमधलं 'व्हॅलिडेट', जे सेव्ह होण्याआधी सर्व्हरवर चालतं. ब्राउझरमधून लिहायची सर्व्हर स्क्रिप्ट १५ मध्ये मुळात बंद असते, आणि बंदच राहिलेली बरी. तोच कोड अ‍ॅपमध्ये लिहिला तर निदान त्याचा इतिहास राहतो.

हूकच्या (ठरलेल्या प्रसंगी फ्रेमवर्क बोलावतं त्या फंक्शनच्या) आत स्वतःहून कमिट करू नका. विनंती यशस्वी झाली तर फ्रेमवर्क शेवटी कमिट करतंच, एरर आली तर रोलबॅक करतं. मध्येच कमिट केलं की पुढे एरर आल्यावर अर्धी एंट्री डेटाबेसमध्ये पक्की होते, आणि ती निस्तरायला अकाउंटंटसोबत बसावं लागतं. 'ऑन अपडेट'मध्ये पुन्हा सेव्ह बोलावलं तर तो हूक स्वतःलाच बोलावत राहतो; तिथे थेट डेटाबेसमध्ये लिहिणारं डीबी-सेट चालतं, पण त्यात व्हॅलिडेशन होत नाही हे लक्षात असू द्या. जीएल एंट्री (खातेवहीची नोंद) आणि स्टॉक लेजरवर थेट एसक्यूएल कधीच नाही. परवानगीचं म्हणाल तर नोंदींची यादी आणणारं गेट-लिस्ट ती पाळतं, गेट-ऑल पाळत नाही. व्हाइटलिस्ट केलेल्या (वेबवरून बोलावता येणाऱ्या) फंक्शनमध्ये गेट-ऑल वापरलं की स्टोअरकीपरलाही पगाराचे आकडे दिसू शकतात.

लांब कामं रांगेत टाका. वेब विनंती १२० सेकंदांनी तोडली जाते. डिफॉल्ट रांगेला ३०० सेकंद मिळतात, लाँग रांगेला १५००. कोड बदलल्यावर वर्कर (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोसेस) रीस्टार्ट केले नाहीत तर ते जुनाच कोड चालवत बसतात, आणि 'माझा बदल लागतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

बिलाच्या क्रमांकाला जीएसटी नियमांनुसार १६ अक्षरांची मर्यादा आहे. ईआरपीनेक्स्टची मूळ मालिका पाच आकड्यांसह १९ अक्षरं घेते. पहिलं बिल काढण्याआधीच दोन आकडी वर्षाची आखूड मालिका ठरवा. मधेच बदलली तर जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरताना गोंधळ होतो.

चाचणीच्या साइटवर खरा बॅकअप उतरवताना साइट कॉन्फिगमध्ये ईमेल म्यूट आणि शेड्यूलर पॉज हे दोन्ही आधी लावा, रिस्टोअर त्यानंतर. नाहीतर वसुलीचे मेल चाचणीच्या साइटवरून खऱ्या ग्राहकांना जातात. इंडिया कम्प्लायन्समध्ये सँडबॉक्स मोडही (खऱ्याऐवजी चाचणीची जीएसटी यंत्रणा) चालू करा. सर्व्हर बदलत असाल तर जुन्या साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की सोबत न्या. ती नसेल तर साठवलेले ईमेल आणि एपीआयचे पासवर्ड उघडत नाहीत, प्रत्येक पुन्हा भरावा लागतो.