मानेचे मणके न जुळल्यास दुसरी शस्त्रक्रिया: पुढून की मागून?

मानेचे दोन मणके एकमेकांना जोडण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेत पुढून, म्हणजे गळ्याकडून, बसवलेली धातूची प्लेट तशीच, पण सीटी स्कॅनमध्ये दोन मणक्यांमध्ये काळी फट दिसते, एखादा स्क्रूही सैल झालेला असतो. म्हणजे हाड जुळलेलंच नाही.

आता मागून गेलं तर जुन्या व्रणाच्या चिकट जागेत शिरावं लागत नाही आणि हाड जुळण्याचं प्रमाणही जास्त. मात्र स्नायू सोलून बाजूला करावे लागतात. रक्तस्राव, जखमेचा संसर्ग आणि मानदुखी जास्त.

पुन्हा पुढून गेलं तर घरी लवकर जाता येतं. पण गिळायला त्रास, आवाज बसणं हे धोके वाढतात. गळ्याच्या दुसऱ्या बाजूने (आधी उजवीकडून असेल तर आता डावीकडून, किंवा उलट) छेद घ्यायचा असेल तर आधी स्वरयंत्र तपासलेलं बरं.

नस अजून पुढूनच दबलेली असेल किंवा प्लेट निखळली असेल तर पुढून. नुसतं जुळलं नसेल तर माझा कल मागून. सिगारेट मात्र दोन्हीकडे घात करते.