बेस्टचं म्युझियम, आणिक डेपो: ट्रामचं वेड असेल तर जावाच

बेळगावातनं मुंबईला पावण्यांकडे जाणार असाल तर ह्या खेपेला गेटवे राहू दे, वडाळ्याजवळचा बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या शहर बस चालवणाऱ्या संस्थेचा, आणिक डेपो गाठा. पोरांना घेऊन गेलो होतो, लई आवडलं. १८७४ ला घोड्यांची ट्राम, १९०७ ला विजेची, १९२० ला डबल डेकर, मग ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर-दादर शेवटची फेरी, सगळं मॉडेलं बघत बघत कळतंय. कंडक्टरच्या जुन्या तिकीट पंचापुढनं तर मी हललोच नाही.

हे म्युझियम आधी कुर्ला डेपोत होतं, १९९३ ला इकडं आलं. मॉडेलं, तिकिटं खोक्यात भरून नेता येतात ओ, पण खरी ट्राम म्हणजे कित्येक टनाचं धूड, क्रेन पाहिजे, ट्रेलर पाहिजे, जुनी लाकडी बॉडी उचलताना मधनं वाकू नये म्हणून खालनं आधार पाहिजे, नवीन जागी त्याच मापाचे रूळ आणि वर छप्पर पाहिजे, आणि दोन म्युझियम एकत्र करायची म्हटलं की रजिस्टरं वेगळी, नंबर वेगळे, कुठला पार्ट कुठल्या गाडीचा हे लिहून ठेवलेलं नसेल तर संपलंच. अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉलीव्हिल ह्या ट्राम म्युझियमचा संग्रह क्लीव्हलँडला हलवला, तिथं नवीन म्युझियमला पैसाच उभा राहिला नाही, शेवटी गाड्या विकून वेगवेगळ्या म्युझियमांत पांगल्या. म्हणून इथं जपलंय त्याचं मनापासून कौतुक.

वेळ आधी विचारून जावा. पाचपैकी साडेचार.