सीईटीचे पर्सेंटाइल प्रेडिक्टर: आकडा देखणा, पाया कच्चा

इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी राज्य घेतं त्या एमएचटी-सीईटीची आन्सर की, म्हणजे अधिकृत उत्तरसूची, लागली की 'तुमचा पर्सेंटाइल आत्ताच बघा' म्हणणाऱ्या साइट पावसाळी छत्र्यांसारख्या उगवतात. म्हणायला फुकट, पण बऱ्याच साइट मोबाइल नंबर घेतल्याशिवाय उत्तर दाखवत नाहीत आणि पाठोपाठ क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. एवढं करून हाती काय लागतं? साधारण पल्ला कळतो. दशांश चिन्हापुढचे आकडे मात्र शोभेचे.

असं का, ते मूळ हिशोब पाहिला की कळतं. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) एकूण २०० गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते, दर शिफ्टचा पेपर वेगळा. म्हणून या गुणांवरून पर्सेंटाइल काढतात तो ज्याच्या-त्याच्या शिफ्टपुरता. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळालेले किती, ते मोजायचं, शिफ्टला प्रत्यक्ष बसलेल्यांच्या संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा शिफ्टला २०,००० मुलं बसली आणि १३० किंवा त्याखाली १८,४०० जण आहेत, तर १३० वाल्याला ९२.०००००००. सोप्या पेपरच्या शिफ्टमध्ये तेच १३० गुण ८८ वर येऊ शकतात. शिफ्टमधला सर्वोच्च गुण १७२ असो की १९४, त्याला १००च.

म्हणजे खरं उत्तर हवं तर त्या शिफ्टमधल्या प्रत्येकाचे गुण हातात हवेत. ते फक्त परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडे असतात. प्रेडिक्टरकडे असतो गेल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेल्या गुणांचा तक्ता. कमी गुणवाले सहसा सांगायला येत नाहीत, त्यामुळे तो तक्ता वरच्या बाजूला झुकलेला.

साइट कितपत पाण्यात आहे ते दोन मिनिटांत कळतं. शिफ्ट विचारतच नसेल, किंवा शिफ्ट बदलूनही उत्तर जागचं हलत नसेल, तर सगळ्यांना एकच तक्ता लावलाय. शून्य गुण टाकून पाहा. उत्तर ०.००००००० आलं तर सूत्रच चुकलंय, कारण 'तुमच्याइतके' या मोजणीत तुम्ही स्वतःही असता. काही साइट तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल घेऊन सरासरी काढतात. ही तर शुद्ध चूक. एकूण पर्सेंटाइल २०० पैकीच्या गुणांवर वेगळा काढतात, आणि तिन्ही विषयांत चांगल्या असलेल्या मुलाचा तो सरासरीहून बहुधा वरच निघतो.

अंदाज सगळ्यात जास्त गडगडतो तो मधल्या पट्ट्यात. चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून गणितात नुसते ठोकून दिले तरी ५० पैकी बारा-तेरा बरोबर येतात. त्यामुळे २४-२६ गुणांपाशी तोबा गर्दी. गणिताचे गुण समसंख्येतच पडतात, मधे थांबायला जागा नाही. तिथे एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की विषयाचा पर्सेंटाइल कित्येक अंकांनी उडी मारतो. वरच्या टोकाला उलट: पर्सेंटाइल जेमतेम हलतो, पण रँक हलते. चार लाख मुलं धरली तर ९९ आणि ९९.५ मध्ये दोन हजार जण उभे असतात. प्रेडिक्टर '९८.५ ते ९९.५' असा पट्टा देतो, तेव्हा तो चार हजार जणांची रांग दाखवत असतो.

रँकचा आकडाही जपून घ्यावा. साइट (१०० − पर्सेंटाइल) ला परीक्षार्थींच्या संख्येने गुणून, १०० ने भागून मोकळ्या होतात, काही तर बसलेल्यांऐवजी अर्ज भरलेल्यांची संख्या घेतात. राज्य मेरिट लिस्ट मात्र कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी केलेल्यांचीच असते, म्हणून खरा मेरिट नंबर बऱ्याचदा बराच आधीचा लागतो. पर्सेंटाइल सारखा निघाला तर इंजिनिअरिंगला आधी गणिताचा पाहतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री.

वापरायचाच असेल तर गुण आठवणीने टाकू नका. लॉगिनमधली रिस्पॉन्स शीट (तुम्ही निवडलेल्या उत्तरांची नोंद) आन्सर कीशी प्रश्न आयडी लावून ताडा. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसू शकतो, म्हणून 'बी बरोबर होतं' अशी आठवण कामाची नाही. मित्राच्या स्क्रीनशॉटवरून तर मुळीच नको. मग दोन-तीन साइटवर तेच गुण टाका आणि सर्वांत खालचा आकडा धरून कॉलेजांची यादी करा.

आन्सर कीवर घेतलेल्या हरकती निकाली निघाल्या की गुण बदलू शकतात, हे बहुतेक प्रेडिक्टर गृहीतच धरत नाहीत. प्रश्न रद्द होऊन शिफ्टमधल्या सगळ्यांना गुण मिळाले, तर ज्याने आधीच कीप्रमाणे बरोबर सोडवला होता त्याची आघाडी तेवढी कमी होते. त्याचे गुण तेच, पर्सेंटाइल मात्र खाली सरकू शकतो. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले, तेव्हा ५ मे रोजी फेरपरीक्षाच घ्यावी लागली. त्या शिफ्टसाठी कोणी आधी अंदाज काढले असतील, तर ते एका फटक्यात रद्दीत गेले.